मालवणच्या चुली मोजताना

१९९१, २००१ आणि २०११ या तिन्ही जनगणनांना मी मालवणात प्रगणक होते. प्राथमिक शाळेत शिकवायचे, त्यामुळे दहा वर्षांनी एकदा नेमणुकीचं पत्र हातात पडायचंच. पहिल्या वेळी माझी मुलगी दीड वर्षांची होती. तिला सासूबाईंकडे ठेवून मी सकाळी सातला बाहेर पडायचे. तिसऱ्या वेळी मुलगी पुण्यात नोकरीला होती आणि सासूबाई गेल्याला सहा वर्षं झाली होती.

२०२१ची जनगणना करोनामुळे झालीच नाही. आता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस ठरला आहे, आणि कागदाऐवजी मोबाइलवर माहिती भरायची आहे. शाळेतल्या तरुण शिक्षिका घरी येऊन विचारतात, "बाई, तुम्ही कसं केलंत?" त्यांना तोंडी सांगत होते, तेच इथे लिहिते आहे.

एक गोष्ट आधी. १९४८च्या जनगणना कायद्याप्रमाणे प्रगणकाला दिलेली माहिती गुप्त असते. ती कोर्टातसुद्धा पुरावा म्हणून मागता येत नाही. तेव्हा इथे कोणाचं नाव नाही, वाडी नाही, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

१. माणसं मोजण्याआधी चुली मोजाव्या लागतात

जनगणनेत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. नातं नंतर. एका छपराखाली तीन चुली असतील तर तीन कुटुंबं, आणि नात्यातली नसलेली चार माणसं एकत्र जेवत असतील तर ते एक कुटुंब. प्रशिक्षणात हे ऐकताना सोपं वाटतं. मालवणच्या जुन्या चिरेबंदी घरात शिरलं की तसं राहत नाही. पुढची पडवी एकाची, माजघर दोघांचं, मागचा मांगर तिसऱ्याचा, विहीर सगळ्यांची.

एका घरात दोन जावा होत्या, दोघी सत्तरीच्या पुढच्या, दोघी विधवा. वाटण्यांवरून बोलणं तुटलेलं होतं. एकीची चूल स्वयंपाकघरात, दुसरीची मागच्या पडवीत, मध्ये पत्र्याचा आडोसा. मी विचारलं, "चुली दोन लिहू की एक?" थोरली म्हणाली, "दोनच लिवा. पण रातीक दार एकच लावतो आमी." धाकटी आडोशापलीकडून म्हणाली, "आणि पयली उठता ती कडी काडता." म्हणजे त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण एकमेकींचं ऐकत होत्या.

मी दोन कुटुंबं लिहिली, प्रत्येकी एक माणूस. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. तरुण शिक्षिकांना मी एवढंच सांगते, की चूल विचारून झाल्यावर दार कोण लावतं तेही ऐकून या. त्याला रकाना नाही, पण पुढे उपयोगी पडतं.

२. फेब्रुवारीतलं मालवण वेगळं, भाद्रपदातलं वेगळं

गणनेचा काळ ९ ते २८ फेब्रुवारी. त्या वीस दिवसांत जो घरात राहिला, त्याचं नाव त्या घरात. जो पूर्ण काळ बाहेर होता, त्याचं नाव तो जिथे असेल तिथे. म्हणजे मुंबईचा चाकरमानी मुंबईत मोजला जातो.

हे आईबापांना पटवून देणं हे माझं सगळ्यांत अवघड काम होतं. आपण दोघं, तीन मुलगे, सुना, नातवंडं अशी अकरा नावं एक आजोबा घडाघडा सांगत आणि मी म्हणायचे, "आजोबा, हे सगळे इथे राहतात का?" ते म्हणत, "रवतत मुंबैक. पण घर ह्या." त्यांचं चुकत नव्हतं. रेशनकार्डावर नाव इथे, देव्हारा इथे, गणपती इथे, गावकीच्या वर्गणीत वाटा इथे. तरी अकरातली नऊ नावं मला गाळावी लागत. आजोबा माझ्या पेनाकडे बघत बसत. मला त्या वेळी वाटायचं, की मी त्यांच्या समोर त्यांच्या घरातली माणसं पुसून टाकते आहे.

आणि गणेशचतुर्थीला बघा. कोकण रेल्वे कुडाळ, सिंधुदुर्ग, कणकवली स्टेशनांवर माणसं ओतत असते, रात्रीच्या गाड्या एकामागून एक भरड नाक्यावर रिकाम्या होत असतात. फेब्रुवारीत ज्या घरात मी दोन माणसं लिहिली, तिथे अंगणात चपलांचे ढीग. विहिरीवर रहाटाचा आवाज थांबत नाही. मे महिन्यातही तेच, वर पर्यटक वेगळे. नळाचं पाणी, कचऱ्याची गाडी, दवाखान्यातली खाट, विजेचा भार या सगळ्याची आखणी फेब्रुवारीच्या आकड्यावर होते. ओझं मात्र मे आणि भाद्रपदाचं असतं. मालवणात पाणी कमी दाबाने आलं की लोक नगरपालिकेला बोल लावतात. मला त्या वेळी आजोबांच्या घरातली ती गाळलेली नऊ नावं आठवतात.

३. बेरीज तीच राहिली म्हणून गाव तेच राहिलं असं होत नाही

२००१ साली मालवण शहराची लोकसंख्या साडेअठरा हजारांच्या थोडी वर होती. २०११ सालीही साडेअठरा हजारांच्या थोडी वरच. मधल्या दहा वर्षांत सिंधुदुर्ग जिल्हा ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आला. रत्नागिरी जिल्हाही आक्रसला. सगळा महाराष्ट्र वाढत असताना मुंबई शहर आणि आमचे हे दोन जिल्हे एवढेच घटले. जिल्हा घटला आणि मालवण जिथल्या तिथे राहिलं, हे ऐकून बरं वाटायचं. पण मी तीन वेळा त्याच दारांत उभी राहिले आहे.

१९९१ला ज्या घरात आठ माणसं होती, तिथे २०११ला दोन म्हातारी. मग बेरीज भरली कोणी? शेजारच्या नव्या इमारतीतल्या फ्लॅटमध्ये आलेले बँकेचे, शाळेचे, सरकारी कचेरीतले नोकरदार. आसपासच्या खेड्यांतून मुलांच्या शिक्षणासाठी शहरात आलेली कुटुंबं. चिऱ्याचं बांधकाम करणारे कर्नाटकातले मजूर, बायका-मुलांसकट. ट्रॉलरवरचे परप्रांतीय खलाशी, जे बंदरातच झोपतात आणि ज्यांच्या गावांची नावं लिहिताना मला तीनदा विचारावं लागे.

यात तक्रार करण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. मालवण आल्या-गेलेल्या माणसांनीच उभं केलेलं गाव आहे. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं तेव्हा पाथरवट, लोहार, खलाशी, शिबंदी बाहेरून आली आणि किनाऱ्यावर वस्ती वाढली. १७६५मध्ये इंग्रजांनी किल्ला जिंकून त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं आणि पुढे तो परत केला. १८१२मध्ये कोल्हापूरकरांकडून मालवण इंग्रजांकडे गेलं. प्रत्येक वेळी कोणीतरी आलं, कोणीतरी गेलं. गाबीत, भंडारी, सारस्वत, दैवज्ञ, मुसलमान, ख्रिस्ती अशी आमची वस्ती त्यातूनच झाली. मला खंत वाटते ती एवढीच, की त्या कानडी मुलांपैकी बरीच शाळेच्या पटावर नसायची. मी अनुसूचीत, म्हणजे गणनेच्या फॉर्मात, "शाळेत जात नाही" असं लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या आईला पुन्हा भेटायला जायचे. त्यांतल्या दोघी बहिणी जूनमध्ये खरंच शाळेत आल्या.

बेरजेचंच आणखी एक सांगते. १ ते ५ मार्च फेरतपासणी असते. गणना झाल्यावर पण १ मार्च उजाडायच्या आत कोणी जन्मलं असेल तर लिहायचं, कोणी गेलं असेल तर नाव खोडायचं. २०११ला माझ्या गटात, म्हणजे मला नेमून दिलेल्या भागात, एक आजोबा २६ फेब्रुवारीला गेले. पुढच्याच गल्लीत २७च्या रात्री एक मुलगी जन्मली. एक नाव खोडलं, एक लिहिलं. गोषवाऱ्यातली बेरीज होती तीच राहिली.

४. हजारामागे १०३६ याचा अर्थ नीट वाचावा लागतो

२०११ला सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या, रत्नागिरीत ११२२. सगळ्या महाराष्ट्राचा आकडा ९२९. हे आकडे जाहीर झाले तेव्हा एका कार्यक्रमात कोकणचं कौतुक झालं, इथे मुलींना मान आहे म्हणून. मला उठून बोलावंसं वाटलं, बोलले नाही. आता लिहिते.

कोकणात बायका जास्त आहेत कारण पुरुष इथे नाहीत. लहान मुलांचं, म्हणजे शून्य ते सहा वर्षांचं प्रमाण पाहिलं, तर सिंधुदुर्गातही हजार मुलग्यांमागे मुली हजाराच्या बऱ्याच खाली आहेत. जन्माच्या वेळी आपण बाकीच्यांसारखेच. मोठेपणी मुलगे मुंबईची गाडी पकडतात आणि आकडा उलटतो. शिवाय बायका जास्त जगतात, त्यामुळे मागे उरलेल्यांत म्हाताऱ्या बायका पुष्कळ.

मुंबईच्या कापडगिरण्यांच्या काळापासून हे चालत आलं आहे. सासूबाई सांगायच्या, बोट मालवणच्या बंदरात लांब उभी राहायची, पडावातून माणसं तिच्यावर चढायची आणि किनाऱ्यावर उरायच्या त्या बायका. मग वर्षभर मनिऑर्डर. शेती, गुरं, म्हातारे, मुलांची शाळा, सोयरसुतक, देवाचं देणंघेणं सगळं बाईने बघायचं, आणि कागदावर नाव मुंबईच्या माणसाचं. १९८२च्या संपानंतर गिरण्यांच्या मनिऑर्डरी थांबल्या, पण पुरुष मोठ्या संख्येने परतले असं काही झालं नाही. कोणी वॉचमन झाले, कोणी कुरिअरमध्ये लागले, पुढची पिढी कॉल सेंटरला, काही आखातात.

अनुसूचीची पहिली ओळ कुटुंबप्रमुखाची. नियम असा, की प्रमुख त्या घरात राहत नसेल तर जो घर चालवतो त्याला प्रमुख लिहायचं. १९९१ला मी एका बाईला तसं सांगितलं तेव्हा ती जवळजवळ घाबरली. "नको गे बाई. त्येंचाच नाव लिवा. ते थय आसले म्हणान काय झाला?" मी म्हटलं, त्यांचं नाव मुंबईत लिहिलं जाईल, इथे तुमचंच यायला हवं. तिने पदराने हात पुसले आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं, माहेरच्या नावासकट. नंतर सुधारून सासरचं सांगितलं. २०११ला तिच्याच दारात गेले. मी विचारायच्या आत म्हणाली, "पयला माजा लिवा."

स्थलांतराच्या प्रश्नातही बायकांचंच प्रमाण जास्त असतं. "इथे कुठून आलात, कशासाठी आलात?" याला कारणांचे ठरलेले पर्याय असतात: नोकरी, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतर, कुटुंबासोबत. दर घरात "लग्न". मी कुडाळकडची, माझ्याही नावापुढे तेच. गावातले पुरुष निघून गेले हे सगळे सांगतात. गाव चालवणाऱ्या बहुतेक बायका मुळात बाहेरून आलेल्या आहेत, हे फारसं कोणी बोलत नाही.

५. वय विचारू नका, आठवण विचारा

वय विचारलं की म्हातारी माणसं पन्नास, साठ, सत्तर असा पुरा आकडा देतात. फार तर पासष्ट. त्रेसष्ट किंवा अडुसष्ट कोणी म्हणत नाही. म्हणून आम्हाला घटनांवरून वय काढायला शिकवलं होतं, आणि मी मालवणपुरती माझी यादी केली होती. रामदास बोट बुडाली ती १७ जुलै १९४७. गांधीजी गेले तो १९४८चा जानेवारी. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७. जिल्हा वेगळा झाला ते १९८१.

रामदास बोट मुंबईहून रेवसला निघाली होती, आमच्याकडे येणार नव्हती. सहाशेच्या वर माणसं गेली. पण बोटीने येणं-जाणं करणाऱ्या सगळ्या किनाऱ्याने ते दुःख आपलं मानलं. एक आजी म्हणाली, "रामदास बुडाली तेवा मी रांगत होतंय. आये सांगा, बापूस मुंबैक होतो, चार दिस घरात चूल नाय पेटली." बाप त्या बोटीत नव्हताच, पण तार येईपर्यंत घरच्यांना ते ठाऊक नव्हतं. मी वय चौसष्ट लिहिलं आणि थोडा वेळ बसून राहिले. घाई असेल तर असा प्रश्न विचारू नये. विचारला तर उत्तर पुरतं ऐकावं.

६. घरात बोलता ती भाषा लिहायला सांगा

मातृभाषेच्या रकान्यात बहुतेक घरांनी मला "मराठी" सांगितलं. ते उत्तर मालवणीत सांगितलं! "मालवणी? ती काय भाषा आसा? मराठी लिवा." प्रगणकाने सांगितलेलं जसंच्या तसं लिहायचं असतं, म्हणून मी मराठी लिहिलं. जनगणनेच्या भाषायादीत मालवणी कोकणीखाली येते. त्यावर वाद घालणारे घालोत. मराठीखाली असो की कोकणीखाली, माझं म्हणणं एवढंच, की आपण घरात काय बोलतो हे आपण खरं सांगायला हवं. मच्छिंद्र कांबळींनी 'वस्त्रहरण'मधून मालवणी जगभर नेली तेव्हा आमची छाती फुगली. मग दारात विचारल्यावर ती लपवायची कशाला? माझ्या वर्गातली मुलं मालवणीत रडायची आणि प्रमाण मराठीत उत्तरं द्यायची. आता काही घरांत आजी नातवाशी हिंदीत बोलते, कारण सून मुंबईत वाढली आहे. पुढच्या वेळी हा रकाना भरताना घरात दोन मिनिटं बोलणं व्हावं असं मला मनापासून वाटतं.

७. कुलपाचे प्रकार असतात

घरयादीच्या वेळी प्रत्येक घराला क्रमांक घालायचा, राहतं की रिकामं ते लिहायचं. २०१०च्या उन्हाळ्यात घरयादी करताना मला कुलूप वाचायला यायला लागलं. कुलपाला तेल असेल, उंबऱ्यावर रांगोळीचा पुसट ठिपका असेल, तुळशीत पाणी असेल तर माणूस बाजारात गेला आहे, संध्याकाळी पुन्हा या. कुलूप गंजलेलं पण दाराला गेल्या गणपतीचं तोरण असेल तर घर वर्षातून दोनदा उघडतं. तोरण नाही, कडीवर कोळ्याचं जाळं आणि अंगणात रान, तर आत जाऊ नका, साप असतो.

ही तिसऱ्या प्रकारची घरं पडतात कशी ते मी वीस वर्षं पाहिलं. आधी कोन्यावरचं एखादं कौल सरकतं. दर वर्षी पावसाआधी कौलं परतायला माणूस चढत असेल तर ते दहा मिनिटांचं काम आहे. नाही चढला तर त्या फटीतून पहिल्या पावसाचं पाणी वाशावर पडतं. वासा कुजतो, वाळवी लागते. दोन-तीन पावसांत आढं वाकतं आणि एका रात्री छप्पर आत बसतं. चिऱ्याच्या भिंती उभ्या राहतात आणि माजघरातून आपोआप उगवलेलं पपईचं झाड बाहेर डोकावतं.

लोक म्हणतात, मुंबईकरांना घराची पर्वा नाही. मी त्यांच्याशी बोलले आहे. पर्वा आहे. अडचण सातबाऱ्यावर असते. आजोबांच्या नावावरची जागा, त्यांचे पाच मुलगे, दोन मुली, त्यांची मुलं, असं करत बावीस-तेवीस नावं सामायिक. कोणी बोरिवलीत, कोणी बडोद्यात, कोणाचा पत्ताच नाही. एकाने खर्च करून छप्पर घातलं की दुसऱ्याला वाटतं, हा घर बळकावतो आहे. विकायचं तर तेवीस सह्या. म्हणून कोणीच काही करत नाही आणि पाऊस आपलं काम करतो. ज्यांचे आईवडील अजून हयात आहेत त्यांनी एकत्र बसून वाटण्या कागदावर करून घ्याव्यात. हा सल्ला मी कोणी विचारला नाही तरी देते, कारण पडलेलं घर कोणाच्याच वाट्याला येत नाही.

८. रापण ओढायला हात लागतात

१९९१ला मासेमारी करणाऱ्या वस्तीत सकाळी गेले तर घरं उघडी आणि आत कोणी नाही. एका मुलीने किनाऱ्याकडे बोट दाखवलं. रापण लागली होती.

होडीने अर्धवर्तुळ करून समुद्रात जाळं सोडलेलं असतं आणि त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात. दोन्ही दोरांना माणसं ओळीने लागतात आणि पाठीमागे चालत ओढतात. शेवटचा माणूस मागे पोचला की दोर सोडून पळत पुढे, पाण्यापाशी जातो आणि पुन्हा धरतो. त्या दिवशी पन्नास-साठ माणसं होती. शाळेत जाणारी माझी चार मुलं होती, ती मला बघून चपापली. ऐंशीचा एक म्हातारा होता. तो ओढत नव्हता, नुसता दोराला हात लावून चालत होता. मी अनुसूच्या वाळूत ठेवल्या, वर चप्पल ठेवली. कोणीतरी म्हणालं, "बाई, हात लावा वायच." मी लावला. दोर ओला, खरखरीत, आणि वाटतं त्यापेक्षा फार जड. तासाभराने जाळं वर आलं, आत बांगडे आणि पेडवे. वाटे पडले. ओढणाऱ्यांना वाटा, होडीला वाटा, जाळ्याला वाटा, आणि त्या म्हाताऱ्यालाही पूर्ण वाटा. मला सहा बांगडे मिळाले. मग वाटे घेऊन निघालेल्या माणसांच्या मागे मागे मी घरोघर गेले आणि दुपारपर्यंत गट संपवला.

२०११ला त्याच किनाऱ्यावर रापण पाहिली तेव्हा वीस-बावीस माणसं होती, बहुतेक डोकी पांढरी. मोठ्या रापणीऐवजी लहान जाळं. पर्ससीन जाळ्यांनी आणि पुढे एलईडी दिव्यांनी मासळी किनाऱ्यापर्यंत येऊ दिली नाही, हे रापणकर सांगतात आणि त्यांचं दुःख खरं आहे. पण दुसरंही कारण वाळूवर दिसत होतं. बारा-तेरा घरांतून प्रत्येकी एक तरुण निघून गेला की रापण बंद पडते. एकट्या-दुकट्याला गळ टाकता येतो, रापण ओढता येत नाही. लोकसंख्येचा तक्ता मला जितका त्या सकाळी समजला, तितका कुठल्या पुस्तकात समजला नाही. आणि दोराला नुसता हात लावणाऱ्या म्हाताऱ्याला वाटा देणारी पद्धत गेली, तर त्याच्या जागी आपण काय ठेवलं आहे, हे मी आजही स्वतःला विचारते.

९. परतलेल्यांचीही मोजदाद ठेवा

२०११ला पहिल्यांदा काही तरुणांच्या नावापुढे "मागील वास्तव्य: मुंबई" आणि "कारण: व्यवसाय" असं लिहिलं. कोणी घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना दिल्या होत्या, कोणी बापाच्या होडीवर स्नॉर्कलिंगची फेरी सुरू केली होती. आता स्कूबा डायव्हिंग, तारकर्ली-देवबागची न्याहारी-निवासाची घरं यांतून बरेच जण टिकले आहेत. त्यातही अडचणी आहेत. जून ते ऑगस्ट धंदा बंद, किल्ल्याची होडी बंद, आणि किल्ल्यात अजून राहणारी थोडी कुटुंबंही पावसाळ्यात बहुधा किनाऱ्यावर येतात. तरी मुलगा घरी जेवतो, हे आईच्या चेहऱ्यावर दिसतं. ते मी पाहिलं आहे, म्हणून पर्यटनाला सरसकट नावं ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही.

१०. एकटी चूल कुठे आहे हे कोणाला तरी माहीत हवं

१६ मे २०२१ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. माड मोडून तारांवर पडले, पत्रे उडाले, वीज गेली ती कित्येक घरांत आठवड्याहून जास्त आली नाही. मोबाइलचे टॉवर बंद. त्यात करोना. मुंबईतल्या मुलांना आईवडिलांचा आवाज ऐकू येईना. माझा फोन दुसऱ्या दिवशी थोडा वेळ लागला, तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याने ठाण्याहून विचारलं, "बाई, आमच्या आयेक बघून येशात?"

मी गेले. वाटेत माड आडवे होते, पण वाट पायांना पाठ होती. गणनेच्या वेळी काढलेला नजरी नकाशा कधीच जमा झाला होता, डोक्यात मात्र तो होता: पिंपळ, मग डावीकडे दोन चुलींचं घर, मग गंजक्या कुलपाचं, मग ती. आई खाटेवर बसून होती, छताची चार कौलं गेलेली, अंथरूण भिजलेलं. औषधाची गोळी दोन दिवस घेतली नव्हती, कारण अंधारात कुठली सकाळची कुठली रात्रीची ते कळेना. त्या दिवशी मी अशा सतरा दारांत गेले. एकटी चूल असलेली सतरा दारं मला आठवली. बाकीची किती विसरले असेन, ते ठाऊक नाही.

त्यानंतर आम्ही पाच निवृत्त शिक्षिकांनी वही केली. प्रत्येकीने आपापली वाडी वाटून घेतली. सरकारी माहितीला आम्ही हात लावत नाही. प्रत्येक घरी जाऊन नव्याने विचारतो, आणि नको म्हटलं तर लिहीत नाही. रकाने आम्हीच ठरवले: कोण राहतं, औषधं कुठली, मुलाचा फोन, मुलीचा फोन (मुलगी बहुधा आधी उचलते), मोठं दुखणं आलं तर गोव्याला बांबोळीच्या हॉस्पिटलात न्यायला गाडी कोणाची, आणि चावी कोणाकडे. शेवटचा रकाना सगळ्यांत उशिरा सुचला. पडलेल्या माणसाला दार उघडता येत नाही, हे एका घराचं दार फोडावं लागलं तेव्हा कळलं.

माझे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. गेल्या आठवड्यात वही पुढे ओढून मी माझ्या वाडीच्या पानावर एक ओळ घातली. माझं नाव, रक्तदाबाची गोळी सकाळची एक, मुलीचा पुण्याचा फोन. चावी, दोन घरं सोडून राहणाऱ्या कानडी गवंड्याच्या बायकोकडे. तिची थोरली मुलगी माझ्या वर्गात होती.